शिर्के मास्तरांची चिमूट

आमच्या दुकानात संध्याकाळी तराजूखाली झाडू फिरवला की मूठभर भुकटी निघते. धन्याची म्हणावी तर तिखट लागते, मिरचीची म्हणावी तर जिऱ्याचा वास येतो. कोणत्या पोत्यातून सांडली, कधी सांडली, सांगता येत नाही. माझ्याकडचे किस्से असेच साठलेत. आणलं कुणीच नाही, पण रोज झाडावं तर रोज मूठ भरते!

मी इंदूरच्या सियागंजात मसाल्याचा व्यापारी. आमच्या शहरात पोह्यांवर शेवेच्या आधी जी तपकिरी पूड भुरभुरतात ना, ते जीरावन. ते मी बनवतो. शिक्षण बी.एस्सी. फर्स्ट इयर, तेही अर्धं. बाकीचं पोत्यांवरचे शिक्के वाचून आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन शिकलो.

त्या अर्ध्या वर्षाची कमाई म्हणजे हॉस्टेलच्या खोलीतले दोन दोस्त. एक देपालपूरचा जगदीश, शेतकरी गडी. मराठी त्याला सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देतो. दुसरा सुधाकर शिर्के. त्याचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि नंतर जन्मात पुन्हा काढलं नाही. तो पुढे कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागला. विद्यार्थी त्याला शिर्के सर म्हणत, आम्ही मास्तर. मला दोघं शेठ म्हणतात, मी कॉलेज सोडलं त्या दिवसापासून. तेव्हा ती शिवी होती!

एक गोष्ट आधीच कबूल करतो. जीरावन माझं आहे, पण त्याची जीभ माझी नाही. गेली तीस वर्षं आमचा प्रत्येक घाणा, म्हणजे एका वेळी दळलेला सगळा माल, मास्तरच्या जिभेवरून पास होतो. तो ‘हो’ म्हणाला तर पोतं शिवायचं. ‘नाही’ म्हणाला तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि ह्या जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, की ती जीभ अर्धी काढावी लागेल.

* * *

मास्तर माझी जीभ कसा झाला, ते आधी सांगतो.

मी पहिल्यांदा स्वतःच्या नावानं जीरावन काढलं होतं. छाती अशी फुगलेली! मास्तर कॉलेजातून सायकलवर आला. त्याला माल दाखवायचा म्हणून आधी मीच एक चिमूट तोंडात टाकली. मग त्यानं गरम पाण्यानं चूळ भरली आणि त्याची चिमूट घेतली. चव घेताना लोक डोळे मिटतात. हा माझ्याकडे बघत राहिला.

“साबण,” तो म्हणाला.

“काय?”

“तुझ्या बडीशेपेला साबणाचा वास आहे.”

मी भडकलो. “मास्तर, लॅबमधले हात धुऊन ये आधी!”

तो सरळ मागं गोदामात गेला. बडीशेपेची पोती भिंतीच्या झरोक्याखाली रचलेली. झरोक्यापलीकडे शेजारच्या गोदामात त्याच महिन्यात नवा भाडेकरू आला होता. घाऊक साबणवाला. त्याची खोकी झरोक्याला टेकलेली!

सगळा घाणा फेकला. झरोका विटांनी बुजवला. मग मी मान खाली घालून विचारलं, “मास्तर, तुझी फी?”

“पोहे. आत्ता. तुझ्यासमोर बसून.”

तेव्हापासून तीच फी. तीस वर्षांत एकदाही रेट वाढवला नाही!

* * *

मास्तरनं आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. इंदूरमध्ये राहून! डाव्या बाजूची एक दाढ तुटली होती, तिची धार जिभेला घासत राहिली. जखम झाली. जखम भरेना. तपासणी झाली आणि रिपोर्टात तो शब्द आला, जो आम्ही तिघांनी अजून मोठ्यानं उच्चारलेला नाही.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. एवढी बाजू काढायची, मनगटाजवळची कातडी तिथं लावायची, मग रेडिएशन. मास्तरनं एकच प्रश्न विचारला. “और स्वाद?”

डॉक्टर म्हणाले, “सर, पहले जान बचा लें.”

उत्तर त्यातच होतं.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता तुकोगंजच्या हॉस्पिटलात भरती व्हायचं ठरलं. शनिवारी मास्तरचा फोन आला. जीभ दुखते म्हणून तो तेव्हा तुकड्यातुकड्यांत बोलायचा. “शेठ. उद्या. सहापर्यंत मी माझा आहे. खायला जाऊ.”

जगदीशला कळवलं. तो म्हणाला, “सराफा चलेंगे!”

“अरे भिया, सराफ्यातले खाण्याचे ठेले रात्री लागतात.”

मग तो म्हणाला, “तो फिर कॉलेज की तरफ चलते हैं. वहाँ तो दिन भर लगा रेता है.”

* * *

गाडी चालवायला केतकी होती. ही मास्तरची सून, पुण्याची. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिच्या पर्समध्ये डॉक्टरांच्या फायली, पिशवीत दहीभाताचा डबा. तिखट तर सोडाच, मास्तरला तेव्हा गरम चहासुद्धा झोंबायचा. डॉक्टर म्हणाले होते, “मन है तो खाने दो, थोड़ा थोड़ा.” तरी तिचा जीव डब्यात.

सकाळी सात वाजता पहिला मुक्काम पोह्यांचा. खंडवा रोडला हॉस्टेलची पोरं-पोरी स्वेटर घालून, डोळे चोळत ठेल्याभोवती उभी. पातेल्यावर परात, परातीत वाफेवर पिवळे धमक पोहे.

मास्तरनं तिघांची ऑर्डर स्वतः दिली. “इनको सेव ज़्यादा. इनको जीरावन दो बार. बेटी को सादा, जलेबी के साथ.” स्वतःसाठी अर्धी प्लेट. एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. केतकी डबा उघडायला लागली तसं त्यानं हातानं थांबवलं.

वातावरण जड झालं, म्हणून मी केतकीचा किस्सा काढला. लग्न होऊन ती इंदूरला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तरनं तिला ह्याच ठेल्यावर आणलं होतं. प्लेट हातात आली. पोह्यांवर शेव बघून ती गोंधळली. पुण्याच्या शिस्तीत तिनं चमच्यानं सगळी शेव काढून प्लेटच्या काठाला नीट रांगेत लावली आणि खाली राहिलेले पोहे खायला लागली.

ठेलेवाला हातातला झारा ठेवून धावत आला. चेहरा उतरलेला. “बेटी, सेव नरम थी क्या?”

हिनं घाईघाईनं मान हलवली. नाही म्हणायला का हो म्हणायला, तिलाच माहीत नव्हतं. त्यानं ती प्लेट ओढून घेतली, नवीन दिली, आणि वर ताज्या डब्यातली शेव घातली. दुप्पट!

“त्या दिवशी संपवली होतीस का?” मी विचारलं.

“संपवली ना काका. तो समोर उभा होता, आणि बाबा म्हणाले, आता शेव काढलीस तर तो धंदा बंद करेल!”

जगदीश हसता हसता खोकायला लागला. मास्तर हसला, पण ओठ मिटूनच. आणि माझ्या लक्षात आलं, की तो प्लेटकडे बघतच नव्हता. मी खात होतो आणि तो मला बघत होता.

“खा ना,” मी म्हणालो.

“खातोय,” तो म्हणाला.

* * *

भंवरकुआंला क्लासेसच्या बोर्डांच्या जंगलात एक कचोरीचा ठेला आहे. तो राकेशचा. हा राकेश मास्तरचा विद्यार्थी, आणि त्याचा किस्सा आख्ख्या कॉलेजला पाठ आहे.

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. परीक्षेत प्रत्येकाला एकेक पांढरी पूड देतात आणि ती कोणती ते प्रयोग करून ओळखायची असते. पोरं टेस्ट ट्यूब घेऊन तीन तास घाम गाळतात. राकेशनं दोन मिनिटांत पेपर दिला. सोडियम क्लोराइड, म्हणजे साधं मीठ. उत्तर बरोबर!

मास्तर त्याच्या टेबलाजवळ गेला. “टेस्ट ट्यूब सूखी है. पहचाना कैसे?”

“सर, चख लिया.”

“ज़हर होता तो?”

“सर, नमक जैसा दिख रहा था.”

मास्तरनं शून्य दिलं. मग परीक्षा संपल्यावर त्याचं मनगट पकडून त्याला बाहेर नेलं, कचोरी घेऊन दिली आणि म्हणाला, “जीभ यहाँ चला. वहाँ मरेगा.”

राकेश म्हणतो, “सर ने ज़ीरो दिया और धंधा भी दे दिया!”

त्या रविवारी त्यानं मास्तरला लांबूनच बघितलं. कढई सोडून आला, पाया पडला. त्याला आजाराचं काही माहीत नव्हतं. “सर, आज का माल चखिए. आपके बिना पता ही नहीं चलता.”

केतकी पुढं व्हायला लागली. मास्तरनं तिला डोळ्यांनीच मागं सारलं. कचोरी फोडली. नखाएवढा तुकडा गालात धरला आणि उरलेली माझ्या हातात दिली. मी खाल्ली. आम्ही तिथं उभे होतो, बाजूनं पोरी वह्या छातीशी धरून क्लासला पळत होत्या.

“हिंग कम है,” मास्तर म्हणाला.

राकेशनं कपाळावर हात मारला. “सर, सुबह खतम हो गया था! मैंने सोचा, इतवार को कौन पकड़ेगा!”

गाडीत बसल्यावर मास्तरनं रुमालात गालातला तुकडा काढला. तो जसाच्या तसा होता. केतकीनं आरशातून बघितलं आणि मान वळवली.

* * *

जगदीशनं देपालपूरहून घरचे बाफले आणले होते, कणकेचे उकडून भाजलेले गोळे, सोबत डाळ. दुपारी डबा उघडायला आम्ही जुन्या हॉस्टेलच्या फाटकाबाहेर बाकावर बसलो. चौकीदार म्हणाला, “अंकल, यहाँ बैठना मना है.” जगदीशनं त्याच्या हातात तुपात बुडवलेला बाफला ठेवला. चौकीदार आमच्या शेजारी बसला!

आमच्या वेळी ह्या हॉस्टेलच्या मेसमध्ये एक रीत होती. भाजी पहिल्यांदा मला वाढायचे. प्रेमानं नाही हो! व्यापाराच्या गोष्टीत माझा चेहरा बंद दरवाजा असतो, मिरचीचा दलाल समोर बसून घामाघूम होतो. पण तोंडात घास गेला की तोच चेहरा सगळं ओकतो. माझी आई म्हणायची, ह्याला वाढलं की विचारावं लागत नाही. तर मेसमध्ये मी पहिला घास घ्यायचो, चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मग ठरायचं, जेवायचं का बाहेर जायचं.

एक दिवस मला राग आला. मी काय नमुना आहे का! त्या दिवशी वांग्यात स्टोव्हचं रॉकेल सांडलं होतं. पहिल्या घासाला मेंदूपर्यंत वास गेला. मी ठरवलं, आज चेहरा हलवायचा नाही. शांतपणे दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. वर म्हणालो, “ठीक है.”

चाळीस पोरं तुटून पडली. पुढचं सांगण्यासारखं नाही. दोन दिवस हॉस्टेलच्या नळांना पाणी पुरलं नाही!

पण मास्तर जेवलाच नव्हता. समोर भरलेलं ताट ठेवून नुसता बसला होता. मी नंतर त्याला गाठलं. “तुला कसं कळलं? मी तर चेहरा दगडासारखा ठेवला होता.”

“म्हणूनच,” तो म्हणाला. “आणि वांगं तिखट होतं, तरी तू पाणी मागितलं नाहीस. तोंड उघडायची भीती वाटत होती तुला.”

बाकावर हा किस्सा जगदीशनं सांगितला, माझी नक्कल करून. चौकीदाराच्या नाकातून डाळ यायची बाकी राहिली. मास्तर दहीभाताचे दोन चमचे कसेबसे गिळत होता. बाफल्याचा एक कण त्यानं तुपात भिजवून ओठांवर ठेवला आणि किती वेळ तसाच बसला.

“कैसा है, मास्टर?” जगदीशनं विचारलं. बायकोनं पहाटे चारला उठून केले होते.

“भाभी को बोलना,” मास्तर थांबत थांबत म्हणाला, “हॉस्टल में यही मिलता तो मैं पास नहीं होता. यहीं रह जाता.”

जगदीश उठला आणि फाटकापाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. पाटी वाचतोय असं दाखवत. पाटीवर ‘यहाँ बैठना मना है’ एवढंच होतं.

* * *

आता माझ्या लाजेचा किस्सा. तो गाळला तर बाकीचे सांगायचा मला हक्क नाही.

चार वाजले होते. थंडी, म्हणून गराडू खायला थांबलो. सुरणासारखा कंद, दोनदा तळलेला, वर लिंबू आणि जीरावन. माझ्या कोटाच्या खिशात सकाळपासून एक पुडी होती. त्या आठवड्याचा घाणा. पास व्हायचा राहिला होता. सकाळपासून हात खिशात जात होता आणि परत येत होता. मित्राची जीभ जाणार म्हणून जीव तुटत होता, हे खरं. आणि जाण्याआधी तिच्यावरून शेवटचा घाणा निघावा असं वाटत होतं, हेही तितकंच खरं. सहा वाजायला दोन तास उरले होते.

मी पुडी काढली.

केतकीनं बघितलं. “काका,” ती एवढंच म्हणाली, “आज?”

जगदीशचा आवाज चढला. ठेल्यावरची सगळी पोरं वळून बघायला लागली. “भिया, तुम आदमी हो कि दुकान? उसका मुँह जल रिया है सुबह से! तुमको मसाला सूझ रिया है?”

मी पुडी परत खिशात टाकायला लागलो, तेवढ्यात मास्तरनं हात पुढं केला.

“दोन्ही आहे तो,” तो जगदीशला म्हणाला. “म्हणून टिकला. दे.”

गरम पाणी मागवलं. चूळ भरली. चिमूट जिभेच्या उजव्या टोकावर ठेवली. त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा तटतटल्या, दोन्ही डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मी म्हणत होतो थुंक, थुंक. तो थुंकला नाही. पूर्ण वेळ घेतला, नेहमी घ्यायचा तेवढाच.

“पास,” तो म्हणाला. मग श्वास घेऊन, “धने संपत आलेत तुझे. नवे आले की बघ.”

“बघणार कोण, मास्तर?”

“तू.”

“मला येत नाही.”

“ते मला माहीत आहे,” तो म्हणाला, आणि केतकीकडून दही मागून घेतलं.

जगदीश भरतीच्या वेळेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

* * *

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक केरळची नर्स फॉर्म भरत होती. नाव, वय, ॲलर्जी. मग विचारलं, “अंकल, सुबह से क्या खाया?”

मास्तर शिक्षक माणूस. प्रश्न विचारला की पूर्ण उत्तर. बोटांवर मोजत सांगायला लागला. “पोहा. जलेबी. कचोरी. बाफला. गराडू. जीरावन.”

नर्सचं पेन थांबलं. तिनं आमच्या तिघांकडे बघितलं, मग केतकीकडे. “अंकल, ये फॉर्म है. मेन्यू कार्ड नहीं है!”

“सिस्टर,” केतकी म्हणाली, “दही-चावल लिखिए. पाँच चम्मच. बाकी सब काका ने खाया है.”

मास्तरनं माझ्याकडे बोट दाखवून मान डोलावली. बरोबर आहे, असं.

वॉर्डाच्या दाराशी आम्हांला थांबवलं. पूर्ण जिभेनं हा आता शेवटचं काय बोलेल, म्हणून मी कान टवकारून उभा. तीन पावलं आत गेला आणि वळला.

“शेठ. उद्या दुकान उघड. बंद ठेवलंस तर लोक विचारतील, आणि तू सगळ्यांना सांगत बसशील.”

दुकान उघडलं. दिवसभरात कुणाला काय तोलून दिलं, मला आठवत नाही.

* * *

ऑपरेशन नीट झालं. पुढं नळीनं जेवण, मग रेडिएशन. तोंड कोरडं पडलं, बोलणं घोगरं आणि अस्पष्ट. मास्तरला अस्पष्ट बोलायची लाज वाटायची. त्यानं नातवाची पाटी घेतली आणि खडूनं लिहायला लागला. अक्षर ब्लॅकबोर्डवरचंच, सुबक. चवीबद्दल जगदीशनं एकदा विचारलं, तर पाटीवर लिहिलं, ‘पाणी = दूध = डाळ.’ आणि खाली दोन रेघा ओढल्या, सिद्ध झाल्यासारख्या.

इकडं एप्रिलमध्ये नवे धने आले. मी दळले. स्वतः चाखलं. ठीक वाटलं. दुसऱ्यांदा चाखलं, तेव्हा ठीक वाटलं नाही. तिसऱ्यांदा काहीच वाटेना. दुकानात येईल त्याला चिमूट देऊ लागलो. सगळे म्हणायचे, “बढ़िया, शेठजी!” मी व्यापारी माणूस, फुकटच्या चिमटीला कोण वाईट म्हणतो? पण दुसरा इलाज नव्हता. माल पाठवला.

चौथ्या दिवशी खंडवा रोडचा पोहेवाला पोतं घेऊन परत आला. भांडला नाही. पोतं हळूच खाली ठेवलं. “शेठजी, इसमें कुछ गड़बड़ है. क्या है, मुझे नहीं मालूम. बच्चे चुपचाप खा के चले जाते हैं. कोई ऊपर से माँगता नहीं.”

मी धने बदलले. जिरं बदललं, मिरची बदलली. पुन्हा दळलं. तेच. तीस वर्षांचं नाव, आणि मला कळेना की बिघडलंय काय. फोन करून मास्तरला सांगायची हिंमत नव्हती. कुठल्या तोंडानं सांगणार?

केतकीनंच सांगितलं असावं. एका सकाळी गाडी दुकानासमोर थांबली. मास्तर उतरला. शर्टात दोन माणसं मावतील इतका बारीक, गळ्याभोवती पंचा, हातात पाटी. सियागंजातले हमाल बाजूला झाले.

मी स्टूल पुढं केलं. आणि तीस वर्षांची हाताची सवय! डब्यातून चिमूट काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. ठेवल्यावर मला कळलं, मी काय केलंय. हात मागं घ्यायला लागलो. त्यानं मूठ मिटली.

गरम पाण्याची खूण केली. ग्लास आला तो त्यानं माझ्याकडे सरकवला. मी चूळ भरली. त्यानं ती चिमूट, लहान पोराला औषध द्यावं तशी, माझ्या जिभेवर ठेवली. मग स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

नेहमी घ्यायचा तेवढाच वेळ घेतला.

मग पाटीवर एक शब्द लिहिला आणि ती माझ्याकडे फिरवली.

‘साबण.’

मी गोदामात पळालो. केतकी माझ्या मागं. बडीशेपेची पोती ओढून बाजूला केली. झरोक्यात तीस वर्षांपूर्वी बसवलेल्या विटांपैकी वरच्या दोन निखळून पलीकडे पडल्या होत्या. त्या भोकातून शेजारच्या गोदामातली खोकी दिसत होती, निळी, नवी कोरी, छतापर्यंत. साबणवाल्याच्या मुलानं आता धंदा वाढवला होता!

बाहेर आलो, तर मास्तरनं पाटी पुसून दुसरं लिहून ठेवलं होतं. ‘फी?’

केतकी माझ्याकडे बघायला लागली. मास्तर पोहे गिळूच शकत नव्हता. पण तीच गेली आणि कोपऱ्यावरून एक प्लेट घेऊन आली. वाफ निघत होती. वर शेव, कांदा, लिंबू. तिनं ती मास्तरच्या हातात दिली.

त्यानं प्लेट नाकाजवळ नेली नाही, काही नाही. नीट माझ्यासमोर ठेवली, चमचा माझ्या हातात दिला, आणि स्टूल आणखी थोडं पुढं ओढलं.